मीटरला घातलेला हार

टेबलाच्या एका टोकाला एक वॉकी-टॉकी, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि ‘हॅलो, हॅलो’ केलं की मोडका सेटसुद्धा खणखणीत बोलतो. अँटेनाचा सांधा तुटलेला असला तरी पाच-सहा फुटांवर काही अडत नाही. तोच सेट घेऊन हायवेवर जा, कंट्रोल रूमपर्यंत आवाज पोचायचा नाही. हे मला कामाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं आणि पुढे मीच ते कितीतरी जणांना शिकवलं. त्यामुळे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

बेंगळुरातल्या पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथच्या दोन कारखान्यांच्या मधे आमचं छोटं वर्कशॉप होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. राज्याच्या हायवेवर गस्त घालणाऱ्या पोलिसांचे हातातले सेट आमच्याकडे दुरुस्तीला येत. मी निपाणीकडची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून बेंगळुरात आलेली. कन्नड येत होतं म्हणून नोकरी लागली आणि फटकळ होते म्हणून टिकली. कारण पोलीस सेटचे जे हाल करतात ते बघून गप्प बसणारं माणूस तिथं आठ दिवसांत वेडं झालं असतं. सेट अँटेनाला धरून उचलायचा, त्यानेच ट्रकच्या दारावर ठोकायचं, पावसात जीपच्या बॉनेटवर विसरायचा, आणि मग ‘मॅडम, यात दमच नाही’ म्हणत माझ्यासमोर आदळायचा. मी प्रत्येकाला झापायची. वर्दीतल्या माणसाला झापायला मिळतं म्हणून मला ते काम आवडायचं, हेही खरं आहे.

एका हवालदाराला मात्र मी कधी झापलं नाही. त्याच्या सेटला बायकोनं शिवलेलं जाड कापडाचं कव्हर होतं. एकदा एक स्क्रू निघेना म्हणून मी त्याला मराठीत शिव्या घातल्या, तेव्हा समोर उभा असलेला हा माणूस हसला आणि मराठीतच म्हणाला की आमच्या चिक्कोडीकडं याहून बऱ्या शिव्या देतात. तेव्हापासून तो मला अक्का म्हणायला लागला. वयानं तो मोठा, पण ते ‘अक्का’ मानाचं होतं आणि मी ते मजेत मिरवलं. तो आला की मी त्याला काहीबाही शिकवायची. बटण दाबायचं, मनात एक म्हणायचं, मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आणि सेट दुरुस्त झाल्यावर वॉट मीटरवर लावून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. बोलताना सेटमधून किती ताकद बाहेर पडते ते या मीटरचा काटा दाखवतो. अँटेना काढून तिथंच मीटरची वायर लावतात, त्यामुळे सांध्यात खोट असली की काटा लगेच चुगली करतो. हवालदाराला त्या काट्याचं भारी कौतुक होतं. वाकून, डोळे बारीक करून बघायचा.

त्या वर्षी आयुधपूजेच्या दोन दिवस आधी त्याचा सेट आला. आवाज खरखरतो अशी तक्रार होती. मी स्पीकर बदलला, केस परत बसवली आणि सेट बाजूला ठेवला. मीटरवर लावायचा राहिला होता. सणाची गडबड होती आणि अण्णांनी सगळ्यांना भिंती धुवायला लावलं होतं.

आमच्याकडची खंडेनवमी आणि इथली आयुधपूजा एकच, पण पीण्यात तो दिवस बघण्यासारखा असतो. प्रत्येक शेडच्या दाराला केळीचे खांब, लेथला हळदकुंकू, ट्रकला झेंडूच्या माळा, रस्त्यावर फोडलेले कोहळे. त्या दिवशी हत्यारं पुजायची, वापरायची नाहीत. आमचीही हत्यारं टेबलावर मांडली होती. सोल्डरिंग आयर्न, पक्कडी, आणि मधोमध वॉट मीटर. मीटरची सजावट माझी. काचेवर कुंकू सांडू नये म्हणून बेतानं टिळा लावला होता, शेवंतीचा हार चारदा काढून नीट घातला होता. अण्णांनी फोटो काढला.

पूजा आटोपून कडलेपुरीच्या, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांच्या, पुड्या वाटणं चाललं होतं, तेव्हा हवालदार आला. दुपारपासून ड्यूटी होती, सेट हवा होता. मी नवी साडी नेसलेली, घरी जायच्या तयारीत. मी टेबलावरचा दुसरा सेट उचलला, त्याला दाराशी उभं केलं आणि हॅलो हॅलो केलं. दोन्ही सेट छान बोलले.

तो जागचा हलला नाही. ‘‘अक्का, तेवढं काट्यावर लावून बघा की,’’ तो म्हणाला.

‘‘आज मीटरला हात लावत नाहीत. बसलाय तो पूजेला. आणि चाललाय की सेट, ऐकलंत ना?’’

‘‘सरी, तुम्ही म्हणताय तर बरोबरच असंल,’’ म्हणून त्यानं सेट कव्हरात घातला.

आता खरं सांगते. मी काही फार देवभोळी नाही. अण्णांना विचारलं असतं तर त्यांनी स्वतः हार उचलून मीटर हातात दिला असता, पोलिसाचं काम म्हटल्यावर. मला हार मोडायचा नव्हता, वायरी शोधायच्या नव्हत्या, साडीला कुंकू लावून घ्यायचं नव्हतं. मी देवाला पुढं केलं आणि मागं आपला आळस लपवला. आणि याहून वाईट म्हणजे, सेटबरोबर जे कार्ड जातं त्यावर वॉटचा एक रकाना असतो. तो रिकामा सोडला तर विचारतील, म्हणून मी नेहमी येतो तो आकडा लिहिला आणि खाली सही केली. बोटांना पूजेचं कुंकू होतं, ते थोडं कार्डालाही लागलं.

त्याच दुपारी काय झालं ते मला तीन आठवड्यांनी कळलं. तुमकूर रोडवर एक लॉरी बंद पडली होती. गस्तीची गाडी लॉरीजवळ उभी करून हवालदार मागून येणाऱ्या गाड्यांना इशारा म्हणून शंकू लावायला बराच लांब चालत गेला होता. फोन गाडीत चार्जिंगला लावलेला, हातात फक्त सेट. तिथं त्याच्या डोळ्यांदेखत एका कारनं स्कूटरवाल्याला उडवलं आणि कार पळाली. स्कूटरवाल्याच्या पायातून रक्त उडत होतं. हवालदार एका हातानं ती जागा दाबून बसला आणि दुसऱ्या हातात सेट धरून कंट्रोलला हाका मारत राहिला. कंट्रोलचा आवाज त्याला ऐकू येत होता, कारण तिकडचा मनोरा उंच आणि ताकदीचा. ते इतर गाड्यांशी बोलत होते. त्याला वाटलं, गडबडीत आहेत, पण आपलं ऐकलंय, कुणीतरी निघालंय. हात काढला तर माणूस जाईल म्हणून तो उठलाच नाही. त्याचा ड्रायव्हर तिकडे लॉरीखाली वाकलेला. शेवटी एक टेम्पोवाला थांबला आणि त्यानं आपल्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली. माणूस वाचला, पाय गुडघ्याखाली काढावा लागला. लवकर नेलं असतं तर पाय राहिला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही आणि त्यानं माझं काही हलकं होत नाही.

घरच्यांनी तक्रार केली की पोलीस जवळ असून कुणी कळवलं नाही. कंट्रोलच्या रेकॉर्डिंगमध्ये हवालदाराची एकही हाक नव्हती. चौकशी लागली आणि सेट तपासून अहवाल द्या अशा पत्रासोबत तो सेट माझ्याच टेबलावर आला. कापडी कव्हरावर काळे डाग होते.

मीटरवर लावला. काटा जागचा हलला म्हणावं इतकाही हलला नाही. केस उघडली तर अँटेनाच्या मधल्या पिनेचा सांधा तुटलेला. केस बसवताना माझ्याच हातून तुटला असावा. जेवायची सुट्टी होती, वर्कशॉपमध्ये मी एकटीच. मी सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि सांधा जोडला, एवढंसं काम, एक श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. मग मीटरवर पुन्हा लावला आणि काटा जिथं जायला हवा तिथं गेला. मी अहवालात लिहिलं की सेट सुस्थितीत आहे. मला कुणी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. अण्णांना काही माहीत नव्हतं. कार्डावरची सही माझी होती, आणि मी घाबरले होते. बस्स, एवढंच कारण.

सेट चांगला आणि रेकॉर्डिंगमध्ये हाक नाही, म्हणजे हवालदारानं हाक मारलीच नाही, नाहीतर मारताना बटण दाबलं नाही. त्याला गस्तीवरून काढून ठाण्याच्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं.

पुढच्या पावसाळ्यात तो आला. ठाण्याचे सेट दुरुस्तीला द्यायला त्याला पाठवलं होतं. वाळला होता. मी चहा मागवला, हवापाण्याचं बोलले, त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. सगळे सेट मोजून देऊन झाल्यावर त्यानं त्यातला एक हातात घेतला.

‘‘अक्का, जरा माझा अंगठा बघा,’’ तो म्हणाला. त्यानं बटण दाबलं, थांबला, आणि हळू आवाजात ‘कंट्रोल, कंट्रोल’ म्हणाला. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. ‘‘बरोबर हाय काय? असंच दाबलं होतं वाटतंय मला. पण रक्तानं हात बुळबुळीत होता, निसटला असंल. तुम्ही सांगा, असं होतंय काय?’’

आणि मी म्हणाले, ‘‘गडबडीत होतं असं.’’

त्यानं मान हलवली. तो म्हणाला की आपण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्या माणसाकडे जातो. दासरहळ्ळीत घर आहे, लेथवर काम करायचा, आता घरी बसून स्क्रू-बोल्ट निवडून पाकिटं भरतो. पहिल्यांदा त्यानं दार लावून घेतलं होतं. चौथ्या वेळी आत घेतलं. हवालदारानं त्याला सांगून टाकलं होतं की चूक माझ्या अंगठ्याची, आणि त्यानं माफ केलं होतं. हे सांगताना हवालदाराच्या चेहऱ्यावर थोडी निवांतता आली, आणि तीच मला बघवेना.

एवढं होऊनही मी आणखी काही महिने गप्प राहिले. शरम वाटत होती आणि जेवण जात होतं, दोन्ही एकदम. पुन्हा आयुधपूजा आली तेव्हा अण्णा हार घेऊन मीटरकडे निघाले आणि मी असं काही ओरडले की सगळे बघत राहिले. त्या दिवशी मी अण्णांना सगळं सांगितलं आणि पत्र लिहून चौकशीच्या ऑफिसात दिलं. अण्णांनी मला शिव्या दिल्या नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. आता मी दोन गल्ल्या सोडून पंपांची वायरिंग करते.

हवालदाराला मात्र हे पत्रातून कळू नये, एवढी तरी लाज मला होती. मी ठाण्यात गेले. रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या गठ्ठ्यांमागे तो बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, मीटरचं, कार्डाचं, जोडलेल्या सांध्याचं. सगळं ऐकून त्यानं आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं.

‘‘म्हंजे मी दाबलं होतं.’’

‘‘दाबलं होतं.’’

मी वाट बघत होते की ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ‘‘त्यानं मला माफ केलंय, अक्का. ते मी आता कसं घेऊ? आणि मीच जाऊन सांगितलं तर त्याला वाटणार, आता हा अंग काढून घेतोय. तुम्ही या. तुम्हीच सांगा.’’

दुसऱ्या रविवारी आम्ही गेलो. एक खोली आणि पुढे लहानसा ओटा. तो माणूस जमिनीवर बसून बोल्ट निवडत होता, कुबडी भिंतीला टेकवलेली. हवालदाराला बघून हसला. मी कोण ते त्याला कळेना, त्यानं मलाही बसायला सांगितलं. मी कन्नडमधे सांगायला सुरुवात केली. वॉटचा आकडा मनानं लिहिला इथपर्यंत आले तेव्हा त्याचे बोल्ट निवडणारे हात थांबले. पुढचं सगळं त्यानं हवालदाराकडे बघत ऐकलं, माझ्याकडे नाही.

माझं बोलून झालं. त्यानं हात पुसले, पुढे सरकून हवालदाराचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला. मग आत बघून बायकोला चहा आणायला सांगितलं.

आतून एकच कप आला, हवालदारापुढे.