दार नसलेलं फोल्डर

शिंगणापुरात घरांना दारं नाहीत. बाहेरून येणारे लोक आमच्या रिकाम्या चौकटींसमोर उभे राहून फोटो काढतात आणि आम्ही आतून त्यांच्याकडे बघत भाकरी खातो. कुत्रं शिरू नये म्हणून फळी टेकवायची, आंघोळीला पडदा ओढायचा, एवढ्यावर आमचं भागतं. चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतो, अशी गावाची श्रद्धा. माझ्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, देवळाच्या रस्त्याला तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान आहे, त्यालाही शटर नाही. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी लॅबमध्ये सगळ्यांनी आपापल्या लॉगिनला पासवर्ड टाकले तेव्हा माझं तेवढं कोरं राहिलं. कोणी घेईल, हे डोक्यातच आलं नाही.

आणि त्याने घेतलं.

तो म्हणजे माझा प्रोजेक्टमधला जोडीदार. कोल्हारकडचा, घरी भरपूर ऊस, अंगावर रोज इस्त्रीचा शर्ट आणि जिभेवर खडीसाखर. सरांनी आम्हा दोघांना मिळून कालव्याच्या पाण्याच्या वाटपाचा प्रोग्रॅम दिला होता, तो सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करायचा. चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, कोणाचं किती रान, टेलपासून, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकापासून, सुरुवात करून कोणाला कधी आणि किती तास पाणी, आणि मधेच एखाद्याने पाणी फोडून आपल्या रानात वळवलं तर खालच्यांच्या वेळा कशा सरकतात, हे सगळं त्या प्रोग्रॅमने सांगायचं. माझ्या मामाचं शेत टेललाच आहे. पाणी फोडलं की टेलवाल्याचं काय होतं, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

सरांची एक चांगली सवय होती. सगळा प्रोग्रॅम एका फाईलीत कोंबू द्यायचे नाहीत. कामं वेगळी, तर फाईली वेगळ्या, आणि ज्याची फाईल त्याचं नाव पहिल्या ओळीत. मेन नावाची फाईल त्याच्याकडे आली. मेनू दाखवायचा, शेतकऱ्याचा गट नंबर विचारायचा, उत्तर छापायचं. हिशेब करणारी वाटपाची फाईल माझी. दोघांत एक छोटी हेडर फाईल, तिच्यात दोघांना लागणारे दोन-चार ठरलेले आकडे, आणि एवढंच की 'वाटप' नावाचं एक फंक्शन आहे, त्याला अमुक द्या, ते तमुक देईल. त्या भरवशावर त्याची फाईल एकटी कंपायल व्हायची, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरायची, माझीही एकटी व्हायची. शेवटी लिंकर नावाचा प्रोग्रॅम दोन्ही जोडायचा. मेनमध्ये 'वाटप'ला हाक मारलीय, तर हे 'वाटप' खरोखर कुठल्या फाईलीत आहे, ते तो शोधायचा आणि गाठ मारून द्यायचा. ही गाठ मला फार आवडायची. त्याला मात्र तिचा पत्ता नव्हता. एक कमांड मी लिहून दिली होती, तो ती पोपटासारखी मारायचा.

तीन महिने मी ती फाईल लिहिली. मग कॉलेजात बातमी आली की नगरच्या एमआयडीसीतली एक कंपनी एका मुलाला किंवा मुलीला ट्रेनी म्हणून घेणार आहे, आणि ज्याने प्रोजेक्टचं मुख्य काम केलंय त्याचंच नाव सर पाठवणार. घरी माझं ठरलेलं होतं. नोकरी लागली तर नगर, नाही तर दुकानात रुईच्या माळा ओवायच्या. माळा ओवण्यात कमीपणा नाही, मी लहानपणापासून ओवल्यात. पण मला ती गाठ मारणारं काम हवं होतं, आणि ते एका नावावर अडलं होतं.

सरांपुढे प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी स्क्रीनवर माझी फाईल उघडली. पहिल्या ओळीत त्याचं नाव होतं. माझ्या कोऱ्या लॉगिनमधून त्याने ती उचलली होती आणि एक ओळ बदलली होती. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "सर, लॉजिक माझं हाय, हिनं टायपिंग केलं. लई मदत झाली हिची."

सर माझ्याकडे बघून हसले. "टायपिंग छान केलंयस हं," म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारी सरांना एकटं गाठून सगळं सांगितलं. ते म्हणाले, प्रोजेक्ट दोघांचा असतो, मुलींनी एवढ्या तेवढ्यावरून भांडू नये. मी "बरं सर" म्हणाले. त्या "बरं"मध्ये काय होतं ते त्यांना दोन आठवड्यांनी कळलं.

आप्पांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, देव बघतो. देव बघतच असेल. पण प्रोजेक्टची परीक्षा मंगळवारी होती, आणि मला शनिवारपर्यंत थांबायचं नव्हतं.

सोमवारी मी माझ्या फाईलीत एकच शब्द घातला. 'वाटप' फंक्शनच्या आधी 'स्टॅटिक'. सीमध्ये हा शब्द फंक्शनच्या आधी लिहिला की ते फंक्शन त्या फाईलीपुरतं राहतं, बाहेरून कोणी कितीही हाका मारल्या तरी ओ देत नाही. हेडर जोडणारी ओळही काढली, नाहीतर कंपायलरने हेडर आणि हा शब्द यांच्यातला विरोध तिथल्या तिथे पकडला असता. हेडरमधलं मला लागणारं तेवढं हाताने उतरवून घेतलं. मग शेजारच्या मैत्रिणीला, तो मागे बसलेला असताना, मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "चुकत होतं ते सापडलं बघ. आजची फाईल बरोबर आहे, कालची नाही." आणि पासवर्ड न टाकता घरी गेले. एसटीत बसल्या बसल्या मला हसू येत होतं. इतकं बरं मला पहिल्या नंबराच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मंगळवारी बाहेरगावच्या परीक्षक मॅडम आल्या. पुढे तो, मागे मी, कोपऱ्यात सर, आणि आपल्या नंबराची वाट बघणारा अर्धा वर्ग. आदल्या संध्याकाळी माझ्या लॉगिनमधून उचललेली फाईल घेऊन त्याने रुबाबात कमांड मारली. लिंकरने उत्तर दिलं, 'वाटप'चा अनडिफाईन्ड रेफरन्स. म्हणजे, तुम्ही हाक मारताय, पण या नावाचं इथे कोणी नाही.

त्याने पुन्हा मारली. पुन्हा तेच. मेन उघडून वरपासून खालपर्यंत बघितली. तिथे चूक नव्हतीच. एकटी मेन कंपायल केली, झाली. एकटी वाटप कंपायल केली, तीही झाली. "मॅडम, दोन्ही बरोबर हायेत," तो म्हणाला, आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर पाठीला घामाचा डाग उमटायला लागला. तो डाग मी पोटभर बघितला. आयत्या बिळावरचा नागोबा आता बिळातच अडकला होता.

"ही वाटपाची फाईल कोणाची?" मॅडमनी विचारलं.

"माझी."

"मग या फंक्शनच्या आधी हा शब्द का लिहिलाय?"

त्याने 'स्टॅटिक'कडे बघितलं. मग माझ्याकडे. मी खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकली बघत होते.

"सांगा ना. तुम्ही लिहिलीय ना?"

"न्हाई मॅडम... ते... तिनं लिहिलंय."

"शब्द की फाईल?"

अर्ध्या वर्गाने माना वर काढल्या होत्या.

"फाईल," तो म्हणाला. "सगळी फाईल तिनंच लिहिलीय."

एवढं ऐकायलाच मी आले होते. पुढे झाले, शब्द पुसला, हेडरची ओळ परत घातली, उतरवलेलं काढून टाकलं, कमांड मारली. प्रोग्रॅम चालला. मामाचा गट नंबर घातला, टेलला पाणी किती वाजता पोचेल ते आलं. मॅडमनी मला विचारलं, हा शब्द का घातला होता. मी म्हणाले, "कोण आत येतं ते बघायला."

बाहेर सर म्हणाले, "अगं, मला आधी सांगायचंस."

"सांगितलं होतं सर," मी म्हणाले. "तुम्ही टायपिंगचं कौतुक केलंत त्याच दिवशी."

ट्रेनीसाठी माझं नाव गेलं. तो मुलगा नंतर समोरून आला की रस्ता बदलायचा, आणि तो बदललेला रस्ताही मला गोड लागायचा. आप्पांना मी सगळं रंगवून सांगितलं. ते माळ ओवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चोरानं चोरी केली ती त्याची. पन तू तर त्याला आवतन धाडलंस की गं बाई." मला राग आला. मी त्या दिवशी त्यांच्याशी पुढे बोलले नाही.

परीक्षेनंतर मी लॉगिनला पासवर्ड टाकला. मग मोबाईलला. डबा ठेवायच्या कपाटाला आणि बॅगेच्या चेनला कुलूप लावलं. नगरला खोली घेतली तेव्हा दाराला असलेलं कुलूप पुरेना म्हणून वर दुसरं घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा न सांगता मला भेटायला आले. मी कंपनीत होते, फोन आत नेऊ देत नाहीत. संध्याकाळी मी परतले तेव्हा ते पायरीवर बसले होते, मांडीवर भाकऱ्यांचं फडकं. शेजारीण म्हणाली, दुपारपासून बसलेत, आमच्याकडे या म्हटलं तरी येईनात.

"आत जायचं न्हाई का आप्पा," एवढंच माझ्या तोंडून निघालं, आणि मी काय बोलले ते मला बोलून झाल्यावर कळलं.

"दोन कुलपं हायेत," ते म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्या माणसाच्या घराबाहेर ताटकळले होते.

मी एकामागून एक दोन्ही कुलपं काढली. ते आत आले, आणि सवयीने दार उघडंच टाकून बसले. मी पाणी दिलं, भाकऱ्यांचं फडकं सोडलं, आणि उठून दार लावून घेतलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

फाईल मी त्या मुलाकडून परत घेतली, तीही वर्गादेखत. उघड्या घरात निवांत बसणं मात्र तो घेऊन गेला तो घेऊनच गेला. त्यासाठी मी त्याला अजून सोडलेलं नाही.