होडीचं नाव

मालवणच्या जुन्या फोटोंचं आमचं संकेतस्थळ सुरू होऊन महिना झाला असेल. एक दिवस मासळीबाजारातली एक बाई तरातरा आमच्या खोलीत शिरली. हाताला खवलं तशीच चिकटलेली होती. तिने मोबाइल टेबलावर आपटला. पडद्यावर किनाऱ्याला लागलेली होडी आणि शेजारी टोपली घेतलेली बाई. खाली आम्ही होडीचं नाव लिहिलं होतं आणि पुढे फक्त ‘मासे विकणारी स्त्री’.

“होडयेचा नाव लिवलंस, माझ्या आवशीचा खंय आसा?”

“मावशी, ठाऊक नव्हतं.”

“इचारलंस कोणाक? बाजार हयसून धा पावलांर आसा! ती होडी तिनाच माशे इकून घेतल्यान.”

माझी मान खाली गेली. होडीच्या नावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, यावर आम्ही दोन दिवस भांडलो होतो. ही बाई कोण, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं.

मी तिला विचारून तिच्या आईचं नाव फोटोखाली लिहिलं.

“मोठ्यान वाच.”

मी वाचलं. तिने आभार मानले नाहीत. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, “आता फुडलो फोटो काड.”

संध्याकाळपर्यंत तिने बावीस बायकांची नावं सांगितली. दर नावाला तिचा आवाज चढतच गेला.