मिशीमागची मुलगी

काही माणसं घडवताना त्यांच्यात बसण्याचा गुण घालायचा देवाकडून राहूनच जातो. सहावी ब च्या वर्गशिक्षिका त्यांतल्या एक. वर्गात त्यांना खुर्ची होती, पण तिच्यावर वह्यांचा गठ्ठा बसायचा. बाई सगळा तास बाकांच्या रांगांमधून येरझारा घालत शिकवायच्या. फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत हात पोहोचावा म्हणून चपला काढून टाचा उंचावायच्या आणि मग चपला तिथेच विसरून अनवाणी फिरत राहायच्या. मुलांनी त्यांचं नाव भिंगरीबाई ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर होतं आणि त्यांना त्यात काही खोटंही वाटत नव्हतं. घरी सासूबाई तर म्हणायच्या, "हिला स्वयंपाकघरात बांधून ठेवलं तर ओटा घेऊन फिरेल ही."

अशा बाईंच्या वर्गात त्या वर्षी एक मुलगी आली, ती अगदी उलट्या मातीची. खिडकीजवळच्या बाकावर बसली की बसली. हजेरीला हात वर करायची, वही नेटकी, लेखी परीक्षेत पहिल्या पाचांत. पण शाळेचं फाटक ओलांडून आत आली की तोंडात मिठाची गुळणी. कुणी पेन मागितलं तर द्यायची, कुणी ढकललं तर सरकायची, ब्र मात्र काढायची नाही. मुलांनी तिला 'म्यूट' म्हणायला सुरुवात केली. बाईंनी ते नाव वर्गात बंद केलं, मैदानावर मात्र ते चालूच राहिलं.

तिच्या वडिलांचं शाळेमागच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान होतं. बाई त्यांना भेटायला गेल्या तेव्हा वडिलांना आधी खरंच वाटेना. ते म्हणाले, घरी हिच्यापुढे रेडिओ लावायची सोय नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की हीच आधी बोलते, कुणाच्या शर्टाचं कुठलं बटण सैल आहे ते लक्षात ठेवून सांगते. मग शाळेत काय होतं, असं बाईंनी विचारल्यावर त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि मुलीला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. डॉक्टरांना दाखवून झालं. घशात काही नव्हतं. वेळ द्या, बोलेल, असं डॉक्टर म्हणाले.

पण वेळच नव्हता. वार्षिक परीक्षेत भाषेची तोंडी होती आणि तोंडीचे गुण नसतील तर निकाल लागत नव्हता. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, स्पष्ट सांगितलं होतं की तोंडी झाली नाही तर मुलीला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वेगळ्या शाळेत पाठवावं लागेल, तिथे अशा मुलांकडे बघणारी माणसं आहेत. मोठ्या बाई मनाने वाईट नव्हत्या. पण "अशा मुलांकडे" हे शब्द भिंगरीबाईंच्या मनात कुसळासारखे रुतले. त्या दिवसापासून त्यांचं फिरणं जिन्यावर आणि व्हरांड्यातही सुरू झालं.

उपाय सापडला तो शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात. चेहरे बनवून देणारी एक फुकट वेबसाइट होती. डोळे, नाक, केस, कपडे निवडायचे, मनासारखा चेहरा तयार करायचा आणि त्याला आपला आवाज द्यायचा. मग तो पडद्यावरचा चेहरा ओठ हलवून आपलं बोलणं बोलायचा. बाकीच्या शिक्षकांनी त्यात आपापले चेहरे करून हसून घेतलं. भिंगरीबाई हसल्या नाहीत. त्या उठून खोलीच्या मागच्या बाजूला फेऱ्या मारायला लागल्या. चेहरा दुसऱ्याचा आणि आवाज आपला, म्हणजे बोलताना कुणी आपल्याकडे बघणार नाही.

एकट्या मुलीला हे करायला लावलं असतं तर ती आणखी आक्रसली असती, म्हणून बाईंनी सगळ्या वर्गालाच लावलं. विषय दिला, 'मी कोण?'. नियम दोन. स्वतःचा फोटो टाकायचा नाही आणि खरं नाव सांगायचं नाही. मुलांना खाती उघडायची परवानगी नव्हती म्हणून सगळ्यांचं काम बाईंच्याच खात्यावर. मग संगणकाच्या खोलीत जे काही झालं त्याने बाईंच्या नाकी नऊ आले. चांगल्या केसांवर कुलपाचं चित्र असायचं, कारण ते पैसे भरणाऱ्यांसाठी होते, आणि प्रत्येकाला नेमके तेच केस हवे होते. मध्येच जाहिरात उघडायची आणि निम्मा वर्ग ती वाचत बसायचा. एकाने स्वतःला टक्कल दिलं आणि दिवसभर त्याचाच त्याला अभिमान.

इस्त्रीवाल्यांच्या मुलीने तास संपेपर्यंत एकच गोष्ट निवडली. मिशी. सगळ्या मिशा लावून बघितल्या आणि शेवटी इतकी दाट ठेवली की खालचे ओठ दिसेनासे झाले. शेजारची मुलं फिदीफिदी हसली. बाईंना मात्र कळलं. मिशीमागे तोंड हललं तरी कुणाला दिसणार नाही.

आवाज द्यायची वेळ आली तेव्हा बाईंनी सगळ्यांच्या आधी तिलाच घेतलं, बाकीचा वर्ग मैदानावर असताना. जिन्याखाली नकाशांची एक चिंचोळी खोली होती. तिथे शाळेचा लॅपटॉप ठेवला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं, आणि मी ऐकणार नाही, सगळ्यांचे एकदमच ऐकू, असं वचन देऊन दार लावून घेतलं. मग व्हरांड्यात त्यांचे पाय सुरू झाले. पाण्याच्या नळापर्यंत जायचं, परत यायचं. एका फेरीत त्यांना दाराआडून पुटपुटणं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते, पण माणसाचा आवाज होता. बाई नळापाशी गेल्या आणि तोंडावर पाणी मारत तिथेच राहिल्या. मुलगी बाहेर आली, तिने एकदा मान डोलावली आणि मैदानाकडे निघून गेली.

मग आठवडाभरात बाकीच्यांचं झालं. मोठ्या बाईंनी सोमवारी सगळे चेहरे बघायचं कबूल केलं. मिशीच्या माणसाला तोंडीचे गुण द्यायचे का, ते ऐकल्यावर ठरवू म्हणाल्या. तोंडी म्हणजे तोंड दिसलं पाहिजे, असाही एक टोला हाणला. भिंगरीबाई म्हणाल्या, "तोंड आहे, मिशीखाली आहे."

आता रविवारी त्यांनी स्वस्थ बसायला काय हरकत होती? पण स्वस्थ बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. दुपारी कपडे वाळत घालून झाले, डबे पुसून झाले, आणि सासूबाईंनी विचारलं की हे चेहऱ्यांचं खूळ आहे तरी काय. बाईंनी लगेच लॅपटॉप उघडून सासूबाईंचाच चेहरा करायला घेतला. सासूबाई रंगात आल्या. अंबाडा मोठा हवा, केस काळे हवेत, नाक एवढं नको. आवाज द्यायचा म्हटल्यावर त्या माइकपाशी वाकल्या आणि सुनेला उद्देशून म्हणाल्या की बाई गं, एक जागी बस, म्हणजे मलाही चैन पडेल. चेहऱ्याने ते जसंच्या तसं म्हटलं. दोघी हसून हसून बेजार झाल्या.

हसता हसता बाई उद्याची तयारी म्हणून मुलांचे चेहरे एकेक करून खाली सरकवत गेल्या. टक्कलवाला होता. चष्म्याच्या दोघी होत्या. यादी संपली तरी मिशी आली नाही. पुन्हा वरून खाली बघितलं. मग पानाच्या तळाशी बारीक अक्षरातली ओळ दिसली. फुकटच्या खात्यात ठरावीक चेहरेच राहतात, नवा आला की सगळ्यात जुना पुसला जातो. वर्ग त्यात जेमतेम मावला होता. आवाज सगळ्यांच्या आधी दिलेला, म्हणून सगळ्यात जुना चेहरा मुलीचा होता. आणि सगळ्यात नवा सासूबाईंचा.

बाई गॅलरीत गेल्या, तिथून आत आल्या, पाणी प्यावं म्हणून पेला घेतला आणि तो तसाच हातात धरून पुन्हा गॅलरीत गेल्या. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि अगदी सहज म्हणाल्या, "त्या शाळेत तिचा आवाज ऐकलाय कुणी? कुणाचाही चालेल की. तू जरा बारीक आवाजात बोल."

ते खरं होतं, आणि तेच तर छळत होतं. मिशी पुन्हा लावायला फार वेळ लागला नसता. मोठ्या बाई ऐकणार, गुण मांडणार, मुलगी वर्गात राहणार. बाईंनी माइक उघडलासुद्धा. आवाज बारीक करून "मी" एवढंच म्हटलं आणि पुढचं सुचेना. ही मुलगी काय बोलली असेल, हे त्यांना माहीतच नव्हतं. वर्षभर समोर बसलेल्या मुलीच्या तोंडी घालायला त्यांच्याकडे एक वाक्य नव्हतं. त्यांनी माइक बंद केला, देवापाशी जाऊन हात जोडले आणि उद्या खरं सांगायचं बळ मागितलं. देवापुढेही त्या उभ्याच होत्या.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच त्यांनी मुलीला फाटकावर गाठलं आणि नकाशांच्या खोलीत नेलं. तिथे चालायला जागा नव्हती, तरी त्या दोन कपाटांच्या मधे अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे करत राहिल्या. जे झालं ते सांगितलं. तुझा चेहरा माझ्या हातून गेला, मी गंमत करत होते, आधी वाचायला हवं होतं, वाचलं नाही. आज नाही झालं तर मी मोठ्या बाईंकडे मुदत मागते. देतील की नाही ते माहीत नाही.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली की काय ते कळेना. मग तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. यादीत सासूबाईंचा अंबाडा दिसल्यावर तिने तो नीट न्याहाळला, एकदा बाईंकडे बघितलं आणि पुसून टाकला. न्यायच होता तो. मग तिने नवा चेहरा घेतला. मिशी शोधायला या वेळी वेळ गेला नाही, पण लावली ती आधीच्यापेक्षा बारीक.

बाई दार उघडून बाहेर जायला निघाल्या. मुलीने हात आडवा केला. कोपऱ्यात नकाशे काढण्यासाठी एक लाकडी स्टूल होतं, त्याच्याकडे बोट दाखवलं. बाई बसल्या. मुलीने बोट गोल फिरवलं. बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. समोर जगाचा जुना नकाशा होता, समुद्राचा निळा रंग विटलेला. मागे बटणाचा टक आवाज झाला. बाईंचा एक पाय आपोआप हलायला लागला.

"बाई, हलू नका," मागून आवाज आला, घोगरा आणि स्पष्ट. "स्टूल वाजतंय."

बाईंनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. वळून बघायचा मोह इतका होता की मान दुखायला लागली. पण त्या हलल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्या जागी बसल्या, आणि मागे ती मुलगी बोलत राहिली.

दुपारी मोठ्या बाईंच्या खोलीत इस्त्रीवाले दारापाशी उभे होते, आत बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मुलगी त्यांच्या मागे, शर्ट धरून. पडद्यावर बारीक मिशीचा गृहस्थ आला, त्याने ओठ हलवले आणि पहिलंच वाक्य म्हणाला, "बाई, हलू नका. स्टूल वाजतंय."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून भिंगरीबाईंकडे बघितलं. हे काढायचं राहिलं, असं भिंगरीबाई पुटपुटल्या. पण गृहस्थ थांबायला तयार नव्हता. मी सहावी ब मध्ये आहे, तो सांगत होता. खिडकीजवळच्या बाकाचा एक पाय निखळलाय, त्यामुळे तो पेंगुळल्यासारखा डुलतो, हे सांगायचं होतं. पंखा पावसात ओरडतो तसा एरवी ओरडत नाही, हेही सांगायचं होतं. बाई फळ्यावर लिहिताना चपला काढतात, मग मुलं त्या लपवतात, कोण लपवतं ते मला माहीत आहे पण आज सांगणार नाही. मला म्यूट म्हणतात. मी म्यूट नाही, मी ऐकते आहे. एवढ्यात फुकटच्या खात्यात बोलायला मिळणारा वेळ संपला आणि गृहस्थ तोंड उघडं ठेवूनच थांबला.

इस्त्रीवाल्यांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले. असंच बोलते घरी, म्हणाले, असंच. अर्ध्यात तोडलं की रुसते.

मोठ्या बाईंनी मुलीला विचारलं की चपला कोण लपवतं. मुलीने नाही अशी मान हलवली, पण वडिलांच्या मागून जरा बाहेर आली. मोठ्या बाईंनी पेन उचललं, तोंडीच्या रकान्यात आकडा मांडला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मिशी काढायची."

मुलीने विचार केला आणि वडिलांच्या कोपराशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. इस्त्रीवाले संकोचून म्हणाले की ती म्हणतेय, बघू.

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी काय विचारलं तर माझा अंबाडा कुठे गेला. पुसला, असं बाई म्हणाल्या आणि सगळी हकीगत सांगितली, ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत फिरत. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग बसायला पाट पुढे सरकवला आणि म्हणाल्या, तिचं ऐकून बसलीस ना, आता माझंही ऐकून बस घटकाभर.

भिंगरीबाई बसल्या. चहाला उकळी फुटेपर्यंत बसल्या.