खाडीकाठचं पहिलं ताट

माझं जे काही बरं झालं ते आत्यामुळे झालं. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, तेव्हा ती आमच्या तालुक्याच्या गावी येऊन राहिली आणि एस.टी. स्टँडच्या मागे तिने खानावळ काढली. आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून पाचवीला मी तिच्याकडे आलो आणि पदवी हातात पडेपर्यंत तिथेच जेवलो, झोपलो, अभ्यास केला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. पदवीदानाचा काळा झगा घालून काढलेला माझा फोटो तिने पिठाच्या डब्यांच्या वर टांगला होता. जेवायला आलेले ड्रायव्हर-कंडक्टर विचारायचे, "आत्या, हा वकील कोण?" ती म्हणायची, "वकील न्हाय, आमचा पोरगा हाय. जेवा गप."

खानावळीचा एक नियम होता. जेवून उठणाऱ्याने आपलं ताट आपण धुवायचं. मग तो हॉस्टेलचा विद्यार्थी असो, डेपोचा साहेब असो, नाहीतर पहिल्यांदाच आलेला प्रवासी. दुसरा नियम तिने कधी कोणाला सांगितला नाही, कारण तो फक्त तिच्यासाठी होता. शेवटचा माणूस जेवून गेल्याशिवाय ती घास खात नसे. रविवारी नदीचा मासा व्हायचा. पोरांच्या ताटात तुकडे जायचे आणि तिच्या वाटणीला रस्सा उरायचा, कधी एखादी शेपटी. "मला रस्साच आवडतो," असं ती म्हणायची. मी ते पुष्कळ वर्षं खरं मानलं.

गेल्या वर्षी खानावळ बंद झाली. हॉस्टेलने स्वतःची मेस सुरू केली होती आणि आत्याचे गुडघेही आता चुलीपुढे बसू देत नव्हते. मी फोन केला की ती म्हणे, "आता आराम हाय." मला बरं वाटायचं. मग एका संध्याकाळी तिच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. "तुला सांगू नको म्हणाल्या होत्या, तरी सांगते. आत्या जेवत नाहीत रे. सकाळची भाकरी संध्याकाळी टोपलीत तशीच असते. मग गाईला घालतात. पार वाळल्यात."

मी लगेच आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "खाते की. इसरून जातं कधी कधी. कुणाला वाढायचंच नसलं की जेवणाची वेळ कशी कळायची?" आणि माझा फोन महाग पडेल म्हणून तिने तो ठेवून दिला. फोन आता फुकटच पडतो, हे तिला कितीदा सांगितलं तरी पटत नाही.

तिला आमच्याकडे घाटकोपरला आणायचं हे उघडच होतं. पण ती एकदा येऊन गेली होती. चार दिवसांत परत गेली. आमच्या स्वयंपाकघरात तिला हात लावायला काही सापडलं नव्हतं. बायकोने कौतुकाने सगळं हातात दिलं, त्यानेच ती अवघडली. "मी काय पाहुणी हाय का बसून खायला?" जाताना म्हणाली होती.

माझी बायको वाकोल्यात वाढलेली, तिचं माहेर मूळचं मालवणकडचं. तिने मार्ग काढला. "हे बघ, तिला घरात कोंडून ठेवलं की ती पळणारच. चांगल्या ठिकाणी नेऊया. पण आधी आपण जाऊन बघू. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात सध्या खाडीकाठी खाण्याचे स्टॉल लागलेत. गाणी असतात, नाच असतो. मासे ती खाते ना?"

"रस्सा खाते," मी म्हणालो.

"आणि तुला काटे काढता येत नाहीत. छान जोडी आहे तुमची."

माझं ऑफिस साकीनाक्याला. रोज मेट्रोने मी तिथे उतरतो. तीच गाडी पुढे वर्सोव्याला जाते हे इतकी वर्षं मी फक्त पाटीवर वाचत आलो होतो. त्या रविवारी दुपारी साकीनाका आलं तेव्हा पाय आपोआप दाराकडे वळले. बायकोने शर्ट धरून मागे बसवलं.

त्या दिवशी मी सगळं आत्याच्या गुडघ्यांनी पाहत होतो. मेट्रोचा सरकता जिना तिला जमणार नाही, पण लिफ्ट आहे. रिक्षा कोळीवाड्याच्या तोंडापर्यंत येते. पुढची गल्ली अरुंद आहे, पण फरशी सपाट आहे आणि घरांना ओटे आहेत, म्हणजे मध्ये टेकायला जागा आहे. वाटेत खाडीकडे तोंड केलेली दोन-तीन झकपक हॉटेलं लागली. एकात डोकावून पाहिलं. अंधूक दिवे, उंच स्टुलं, आणि पाणी ओतायला पाठीशी उभा असलेला वेटर. बायको म्हणाली, "इथे आणलंस तर आत्या त्या वेटरलाच बसवून खायला घालेल." आम्ही पुढे गेलो.

गल्ली संपली आणि खाडी दिसली. रंगवलेल्या होड्या चिखलात कलंडून बसल्या होत्या, भरतीची वाट पाहत. बांबूंच्या मांडवावर ओळीने बोंबील वाळत होते. त्या वासाने मी जरा थबकलो, आणि बायकोने मात्र माहेरी आल्यासारखा खोल श्वास घेतला. पलीकडे मढला जाणारी फेरीबोट माणसं आणि मोटारसायकली एकत्रच घेऊन निघाली होती. काठाच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. एका टोकाला लहानसा मंच, त्यावर ढोलकी लावणं चाललेलं. बाकी तिन्ही बाजूंना स्टॉल, आणि प्रत्येक स्टॉल एकेका घरातल्या बायकांचा. अंगभर दागिने, केसांत फुलं, आणि हात कोपरापर्यंत मसाल्यात.

आम्ही एका स्टॉलपुढे बसलो. कारण अगदी साधं होतं. तिथल्या खुर्च्यांना पाठ होती. आत्याला पाठ लागते.

स्टॉलवाली पन्नाशीची, मोठ्या आवाजाची बाई. कालवण रटरटत होतं, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत तयार होती, तव्यावर कोलंबी होती. पण वाढत कोणी नव्हतं. आमच्या शेजारी एक गृहस्थ घड्याळ बघत बसले होते. शेवटी ते म्हणाले, "अहो, तयार आहे ना? मग द्या की."

"आये येतेय," ती म्हणाली. "थांबा जरा."

"आई येतायत तर येऊ द्या. आम्हाला वाढा ना."

"आये जेवल्याबिगर आमच्यात वाढत नाय. घाई असल तर बाजूला वडापाव हाय."

गृहस्थांनी पुन्हा घड्याळ बघितलं. वडापावकडे मात्र गेले नाहीत.

थोड्या वेळाने गल्लीतून एक म्हातारी काठी टेकत आली. बारीक अंगाची, हिरव्या नऊवारीतली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर उशी होती, ती तिची. ती बसली आणि पहिलं ताट तिच्यापुढे आलं. त्यात कालवणातला सगळ्यात मोठा, मधला तुकडा होता. तिने भाकरी मोडली, बुडवली, सावकाश खाल्ली. सगळा स्टॉल तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि आता आम्हीही.

"आंबट कमी झालंय," ती म्हणाली.

"कालच्यापरमाणंच चिंच हाय," सून म्हणाली. स्टॉलवाली बाई तिची सून होती.

"मंग काल बी कमीच होती."

सुनेने चिंचेचा कोळ आणखी ओतला. म्हातारीने पुन्हा चाखलं, मान हलवली, आणि धडाधड ताटं निघाली.

मी सुरमईचं कालवण आणि भाकरी खाल्ली. बायकोने माझ्या तुकड्यातले काटे काढून दिले आणि त्याबद्दल बोलूनही घेतलं. जेवण इतकं चांगलं होतं की मी कुठे आहे हेच विसरलो. शेवटचा घास संपला तसा नेहमीप्रमाणे उठलो, ताट उचललं आणि स्टॉलच्या मागे जाऊन विचारलं, "नळ कुठे आहे?"

"कशाला?"

"ताट धुवायला."

सून कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "काय रं, जेवाला आलास का भांडी घासाला?" मग माझ्या बायकोकडे वळून, "घरी लय घासून घेतेस वाटतं याच्याकडून?"

"मी नाही हो," बायको कपाळाला हात लावून म्हणाली. "याच्या आत्याने लावलेली सवय आहे."

मांडवात हशा झाला. घड्याळवाले गृहस्थही हसले. माझ्या हातातलं ताट सुनेने ओढून घेतलं. कोपऱ्यातून म्हातारीने मला हाक मारली आणि काठीने समोरचा पाट दाखवला. मी बसलो. "कोन ही आत्या?" तिने विचारलं.

मी सांगितलं. खानावळ, ताट धुण्याचा नियम, बंद झालेली चूल. ती ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "ती कवा जेवायची?"

"सगळ्यांच्या शेवटी."

"आनि आता?"

"आता जेवतच नाही. विसरते म्हणते."

म्हातारीने ताटातला उरलेला तुकडा बोटांनी सोलला आणि खाल्ला. बोलली ती सून, तव्यावरची कोलंबी परतत, माझ्याकडे न बघता. "आमची बी तशीच करायची. उभा जलम मार्केटात टोपली घेऊन बसली. पाय गेले, बाजार सुटला, मंग जेवान बी सुटलं. किती सांगितलं, रडले, भांडले. मंग एक दिवस म्हटलं, आये, मना चव कलत नाय बग. तू चाखल्याबिगर मी कोनाला वाढनार नाय. तवापासनं घरात बी तसंच आनि हितं बी."

"खोटं बोलली ती," म्हातारी म्हणाली. "चव लय चांगली कलते हिला."

"मंग रोज चुका कशाला काढतेस?"

"तू इचारतेस म्हनून."

मंचावर गाणं सुरू झालं होतं. बायका रांगेत डुलत नाचत होत्या. सुनेने तवा दुसरीच्या हातात दिला आणि पदर खोचून त्यांच्यात जाऊन मिळाली. म्हातारी खुर्चीवर बसल्या बसल्या बोटांनी काठीवर ताल धरून होती. उठताना मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "आत्याला आन. माज्या बाजूला बसव. दोगी मिलून हिच्या चुका काढू."

आम्ही पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो. भरती येत होती आणि कलंडलेल्या होड्या एकेक करून सरळ होत होत्या. बायको म्हणाली, "मला आमटी नीट जमत नाही, हे तुला माहितीये ना?"

"जमते की. चांगली करतेस."

"अरे बाबा, नाही जमत. आत्याला तसं लिही."

मी तिच्याकडे पाहिलं. ती फेरीबोटीकडे बघत होती.

फोनवर आत्या "बरं बरं" म्हणते आणि ठेवून देते. पत्र मात्र ती चष्मा लावून, एकेका शब्दावर बोट ठेवून, दोनदा वाचते. तिला वाचायला आवडतं, चौथीत शाळा सुटली तरी. म्हणून मी पत्र लिहिलं. ते असं होतं.

"आत्या,

तुझ्या पाया पडतो. आम्ही दोघं बरे आहोत. तू जेवत नाहीस हे मला कळलं आहे. शेजारच्या काकूंना रागावू नकोस, त्यांनी चांगलंच केलं.

रविवारी आम्ही वर्सोव्याला खाडीवर गेलो होतो. तुला कुठे न्यावं ते बघायला. तिथे एक आजी आहेत, तुझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांच्या घरात त्या जेवल्याशिवाय कोणाला वाढत नाहीत. आंबट कमी झालं, मीठ जास्त झालं, हे त्या सांगतात आणि मग बाकीचे जेवतात. मी जेवून झाल्यावर ताट धुवायला निघालो तर सगळे हसले. तुझंच नाव निघालं.

तुझी सून म्हणते, तिला आमटी जमत नाही असं तुला लिहावं. तुझ्याशी खोटं बोलता येत नाही म्हणून खरं लिहितो. तिला जमते. पण तुझ्यासारखी नाही जमत, हेही खरं आहे, आणि माझ्या जिभेला तो फरक रोज कळतो. मी तो तिला सांगू शकत नाही. तू सांगू शकतेस.

आमच्याकडे तुला चुलीपुढे बसायचं नाही. भाकऱ्या करायच्या नाहीत. काम एकच आहे. आम्ही दोघं ऑफिसातून आलो की तू आधी ताट घ्यायचंस, चाखायचंस, आणि बरोबर झालं आहे का ते सांगायचंस. तू सांगेपर्यंत आम्ही बसून राहू. भूक लागली तरी. आम्हाला वेळेवर जेवायला मिळावं असं वाटत असेल तर तुला यावंच लागेल.

मासा केला तर मधला तुकडा तुझा. रस्सा मी घेईन.

येत्या रविवारी मी तुला न्यायला येतो. पिठाच्या डब्यांवरचा फोटो आणू नकोस, त्यात मी फार बावळट दिसतो. तुझं स्टीलचं ताट मात्र आण, ज्याच्या काठावर पोचा आहे ते. जेवून झालं की ते जागेवरच ठेव. मी धुईन."