आमच्या माडीवरचे विषाणूवाले डॉक्टर

मला आयुष्यात जेवढे धक्के बसले, त्यांतले निम्मे नशिबाने दिले आणि उरलेले निम्मे आमच्या माडीवरच्या भाडेकरूंनी. आम्ही पिढीजात व्यापारी. पणजोबा राजस्थानातून आले, नारायणगावात बी-बियाण्यांचं दुकान थाटलं. आपल्याजवळचा माल झाकून ठेवावा आणि बाजार बघून उघडावा, हे आमच्याकडे मूल बोलायच्या आधी शिकतं. अशा घराच्या माडीवर हा माणूस यावा, याला काय म्हणावं?

लोक त्यांना डॉक्टर म्हणत, पण ते सुईवाले नव्हेत. पिकांवरच्या विषाणूंचे अभ्यासक. कुणी खोकत आलं तर सरळ सांगत, "तुमचं मला कळत नाही, टोमॅटोला काही झालं असेल तर बोला." एकदा पेठला लग्नात जिलेबी वाढत असताना पंगतीतून उठले, मांडवामागच्या वावरातून मिरचीचं सुरकुतलेलं पान घेऊन आले आणि नवऱ्याच्या बापाला म्हणाले, "अभिनंदन! असं फार क्वचित मिळतं." त्या बापाला आधी वाटलं, सुनेबद्दलच बोलताहेत. ही असली पानं माडीवरच्या फ्रीजमध्ये मावेनात, तेव्हा आमच्या फ्रीजमध्ये आली. "अहो, माझ्या कोथिंबिरीशेजारी रोगराई ठेवलीय!" ही आमच्या सौभाग्यवतींची किंकाळी अजून कानात आहे.

पण हे किरकोळ. खरा हादरा वेगळाच. महिनोन्‌महिने खपून डॉक्टर एखाद्या विषाणूची जनुकीय कुंडली काढायचे, म्हणजे चार अक्षरांची ही लांबलचक ओळ, आणि त्याच संध्याकाळी ती जगभरच्या संशोधकांना दिसेल अशी उघड्यावर ठेवायचे.

"फुकट?" मी ओरडलो होतो.

"रोग बांध बघून थांबत नाही, शेठ. मग आपण कशाला दार लावायचं? माझी अट एवढीच, छापण्याआधी विचारा आणि कष्ट कुणाचे ते लिहा." मी कपाळाला हात लावला. अशा अटीवर आमच्याकडे कुणी रिकामं पोतंही देत नाही.

मग पिंपरी पेंढारला सुमनताई नावाच्या शेतकरी बाईंच्या टोमॅटोवर कधी न पाहिलेले डाग आले. त्यांनी स्वतःहून बोलावून पानं दिली, पण बजावलं, "गावाचं नाव कुटं येऊ देऊ नका. बाजारात बोंब व्हईल." डॉक्टरांनी शब्द दिला आणि कुंडलीखाली नुसता जिल्हा लिहिला. पुढे एका बड्या प्रयोगशाळेतून गोड आवाजात फोन आला. रोग कसा पसरतो ते समजून घ्यायचंय, नेमकं गाव कोणतं? भल्या माणसाने 'छापू नका' म्हणत सांगून टाकलं.

त्यांनी छापलं! कुंडली डॉक्टरांची, नाव त्या प्रयोगशाळेचं, आणि नकाशावर पिंपरी पेंढारच्या जागी लाल ठिपका. डॉक्टरांचा तळटीपेतही पत्ता नाही. तो नकाशा फोनवरून फिरत बाजारात पोचला आणि सुमनताईंचे क्रेट माघारी गेले. या रोगाने खाणाऱ्याला काहीही होत नाही, पण बाजाराला कोण समजावणार? माझं तर डोकंच सुन्न झालं. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी तक्रार केल्यावर ठिपका पुसला गेला, पण लोकांच्या फोनमधून कसा पुसणार?

त्यांच्याकडे त्याच गावातल्या आणखी कुंडल्या तयार होत्या. डाग आता शेजारच्या आंबेगाव तालुक्याकडे सरकत होते. "आता तरी कुलूप लावा," मी म्हणालो. ते म्हणाले, "आधी ताईंना विचारतो." लोक चोपतील म्हणून मी सोबत गेलो.

अंगणात डॉक्टरांनी हात जोडले. "ताई, शब्द मोडला. छापलं त्यांनी, पण सांगितलं मीच. उरलेलं उघड केलं तर पुढच्या गावांना लवकर कळेल. तुम्ही नाही म्हणालात तर करणार नाही." आता झाडू निघणार, असं मी धरून चाललो होतो.

"आमी पयल्या तोड्याचा वानवळा धाडतो शेजारपाजारी," त्या म्हणाल्या. "खानारा म्हंतो, अमकीच्या वावरातला हाय. तेवढं बी न्हाई म्हंलं, तर पुन्यांदा कोन धाडंल? तुमी टाका ते, डॉक्टर. लोकांची वावरं तरी वाचू द्या. आन गावाचं नाव आता लपवून काय उपेग? लिवा. पन हे बी लिवा, का पिंपरी पेंढारच्या सुमननं सोताहून सांगितलं."

मी जागच्या जागी थिजलो. माल गेलेली बाई हे बोलत होती!

पुढे डॉक्टरांची बदली झाली. परवा त्यांनी एक लेख पाठवला. कुठल्याशा लांबच्या देशातल्या संशोधकांनी रीतसर विचारून त्या कुंडल्या घेतल्या आणि रोगाची झटपट तपासणी तयार केली. मी फोन घेऊन तडक पिंपरी पेंढार गाठलं आणि ताईंना त्यांचं नाव दाखवलं. इंग्रजी अक्षरांवरून त्या हळूच बोट फिरवत राहिल्या.

"आन डॉक्टरांचं?"

मी वर-खाली शोधलं. बऱ्याच नावांच्या गर्दीत सापडलं. "आहे की."

"मंग ब्येस. लावा की त्यान्ला फोन."

लावला. आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. कुणाच्या तरी वावरात वाकून पान उलटं करून बघत असणार.