अडवलेल्या मजकुरातली एक ओळ

माझी पत्नी रेखा डिसेंबरमधल्या एका मंगळवारी गेली. ती जळगावात शाळेत शिक्षिका होती. सातवीचा तास चालू असताना ती खुर्चीवर बसली आणि पुन्हा उठली नाही. मला शाळेतून फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होतो.

हे सदर मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. वाचून मनातल्या मनात प्रत्येक अनुभवाचा खुलासा करायचा, ही माझी सवय. वारा असेल, झोप असेल, आठवणीने केलेली गफलत असेल... इथे मी कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. आजही भुताखेतांवर माझा विश्वास बसलेला नाही. जे घडलं ते ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिहितो.

रेखाचं माहेर धुळ्याचं, देवपूरचं. शाळेत ती शुद्ध मराठी बोलायची, पण सोशल मीडियावरच्या तिच्या प्रोफाइलवर सगळं लिखाण अहिराणीत. कळण्याची भाकरी, बसमधली भांडणं, आईच्या तोंडचे शब्द. फोनच्या कीबोर्डशी मात्र तिचं कधी जमलं नाही. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. तिने ‘शे’ लिहिलं की तिचा फोन ते बदलून ‘शेअर’ करून टाकायचा. ‘भाजी तिखट शेअर’, ‘मी आठेच शेअर’, म्हणजे मी इथेच आहे. आधी ती दुरुस्त करायची, मग कंटाळली. ओळखीचे लोक गंमत म्हणून तिला तसंच उत्तर द्यायला लागले.

तिची आई, आमच्या आक्का, सातवी शिकलेल्या. रेखा गेल्यावर रोज सकाळी चहा झाला की त्या मोबाईलवर तिची प्रोफाइल उघडायच्या आणि जुनं लिखाण एकेक करून वाचायच्या. त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या होत्या, ‘‘पोथीसारखं वाचतात भाऊजी. मध्ये बोललेलं चालत नाही.’’

फेब्रुवारीत ते खातं कोणीतरी फोडलं. रेखाच्या नावाने सगळ्या ओळखीच्यांना एकच मेसेज गेला : ‘हा फोटो तुझाच आहे का? बघ.’ खाली लिंक. बाकीच्यांना लगेच कळलं. आक्कांना कळलं नाही. त्यांनी लिंक दाबली, वजन कमी करण्याच्या पावडरीची जाहिरात उघडली. ती बंद करून त्यांनी रेखाला उत्तर लिहिलं. मग आणखी एक. संध्याकाळी सूनबाईंचा फोन आला, आक्का दुपारपासून जेवलेल्या नाहीत, मोबाईल मांडीवर घेऊन बसल्या आहेत.

मी दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेलो.

‘‘रेखाना मेसेज ऊना, जवाईबापू,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘मी इचारी राहिनू, कोनता फोटो? ती बोलतच नही.’’

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी मी म्हणालो, ‘‘आक्का, मी बंदोबस्त करतो. या खात्यावरून यापुढे तुम्हाला खोटं काही येणार नाही.’’

‘‘आनि खरं?’’ त्यांनी विचारलं.



आमच्या कॉलेजात चौधरी सर संगणक शिकवतात. त्यांनी सरळ सल्ला दिला, ‘‘खातं बंद करून टाका.’’ ते शक्य नव्हतं. आक्कांची सकाळ त्या खात्यात होती. मग आम्ही पासवर्ड बदलला, माझा सोडून बाकी सगळे फोन खात्यातून बाहेर काढले आणि प्रोफाइलची राखण करणारी ॲप्स पाहायला लागलो. पुस्तक विकत घेण्याआधी आवृत्त्या पडताळाव्यात तशी मी ती पडताळली. दुसरं काही करण्यात माझं मन लागत नव्हतं, हेही खरं.

पहिल्या ॲपने उघडताच माझ्या फोनमधली सगळी नावं आणि नंबर मागितले.

‘‘वा, हा राखणदार पाहुण्यांची यादी घेऊनच येतोय,’’ चौधरी म्हणाले. ‘‘काढा त्याला.’’

दुसरं इंग्रजीतला कचरा नेमका अडवायचं. मराठीतला नाही. रेखाच्या शेवटच्या फोटोखाली लोकांनी श्रद्धांजली लिहिली होती, त्यात गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आली आणि आठवडाभर तशीच राहिली. कोणीतरी तिला अंगठाही दिला होता. तो बहुधा चुकून दिला असावा.

तिसरं ॲप संथ होतं, पण येणाऱ्या मजकुराबरोबर खात्यातून बाहेर जाणारा आणि आधीचा मजकूरही तपासायचं. मला तेच हवं होतं. संशय आला की ते मजकूर ‘अडवलेले’ नावाच्या कप्प्यात टाकायचं. तिथे प्रत्येक ओळीखाली दोन बटणं, ‘स्पॅम आहे’ आणि ‘स्पॅम नाही’. महिनाभरात यातलं एकही दाबलं नाही तर मजकूर कायमचा पुसला जाणार. मी ते बसवलं आणि निश्चिंत झालो.

चार-पाच दिवसांनी आक्कांचा फोन आला. ‘‘जवाईबापू, रेखानं बठ्ठं गयं.’’ रेखाचं सगळं गेलं.

मी कप्पा उघडला. ॲपने रेखाचं जवळजवळ सगळं लिखाण अडवून ठेवलं होतं. कारण दिलं होतं : ‘शेअर’ या शब्दाचा अतिवापर.

चौधरी सर आधी हसले, मग माझ्याकडे पाहून खुर्ची ओढून शेजारी बसले. एकदम सगळं सोडवण्याची सोय नव्हती. एकेक उघडायचं, वाचायचं, ‘स्पॅम नाही’ दाबायचं. मार्च महिना माझा त्यात गेला. तिने लिहिलेलं मी आधी इतकं लक्ष देऊन वाचलं नव्हतं. कुठेही ‘शेअर’चं ‘शे’ मी केलं नाही. सगळं तिच्या प्रोफाइलवर परत गेलं, कप्पा रिकामा झाला. आक्कांची सकाळ पुन्हा सुरू झाली.

मग आखाजी आली. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो... अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. या सणाला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरून ठेवतात. वर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, पुरणाचा नैवेद्य. लग्न झालेली मुलगी गेली तर तिची घागर सासरी भरायची, माहेरी नाही, अशी आमच्या दोन्ही घरांतली रीत. रेखाची घागर जळगावला आमच्या घरी माझ्या मोठ्या वहिनींनी भरली. मी नमस्कार केला. मला त्यात काही वाटत नव्हतं, पण वहिनींना वाटत होतं.

दुपारी जेवणं झाली. फोन चार्जिंगला लावलेला होता, तो घ्यायला उठलो तर ॲपची सूचना. कप्प्यात एक ओळ अडवलेली. येणारी नव्हती, बाहेर जाणारी होती. रेखाच्या खात्यातून आक्कांच्या खात्याला.

‘माय, तुन्ही भरेल घागरनं पानी गोड शेअर. आते वाट देखू नको.’

आई, तू भरलेल्या घागरीचं पाणी गोड आहे. आता वाट पाहू नकोस.

मला भीती वाटली नाही. संताप आला. इतका हलकटपणा कोण करेल, एवढंच डोक्यात. मी बाहेर येऊन चौधरींना फोन लावला. सणाचा दिवस असूनही ते आले. खात्याची नोंद तपासली. आत एकच फोन होता, माझा, आणि तो दुपारभर भिंतीला होता. रेखाचा जुना फोन कपाटातून काढला. बॅटरी फुगून त्याचं मागचं झाकण वर आलेलं, तो चालू होण्यातला नव्हता.

‘‘तिचं लिखाण उघडं आहे,’’ चौधरी सावकाश म्हणाले. ‘‘हजार ठिकाणी तिने ‘शेअर’ लिहिलंय. एखाद्या प्रोग्रामने उचललं असेल. हल्ली असं करतात.’’

‘‘आणि घागर?’’

‘‘आज आखाजी आहे. घागर कोणीही लिहील.’’

हे पटण्यासारखं होतं. शिवाय ओळीत चूक होती. आक्कांनी घागर भरलेलीच नव्हती, ती माझ्या घरात भरली होती. रीत माहीत नसलेल्या कोणाचं तरी हे काम. मी ‘स्पॅम आहे’वर बोट नेलं.

‘‘दाबा,’’ चौधरी म्हणाले.

मी दाबलं नाही. का, ते सांगता येणार नाही. त्यांच्यासमोरच मी माझ्या फोनवर ‘शे’ लिहून पाहिलं. ते ‘शे’च राहिलं. पुन्हा लिहिलं, तरी ‘शे’च.

‘‘आधी आक्कांना विचारतो,’’ मी म्हणालो.

‘‘काय विचारणार? आणि खोटं निघालं तर? त्या बाईला दुसऱ्यांदा बसवणार का मोबाईल घेऊन?’’

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या ओळीवर माझा विश्वास बसो न बसो, आक्कांना दिलेला शब्द होता. ओळीचं नाव न काढता फक्त घागरीचं विचारायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. घरात आक्का एकट्याच. सूनबाई आखाजीच्या आदल्या दिवसापासून त्यांच्या माहेरी, आक्कांचा मुलगा दोन्ही दिवस ड्युटीवर. आक्कांनी चहा केला, मला भरपूर साखर लागते म्हणून नेहमीसारखं चिडवलं. मी मोबाईलचं नावही काढलं नाही. सहज विचारावं तसं विचारलं, ‘‘आक्का, काल इथे कोणाची घागर भरली होती का?’’

त्यांच्या हातातली बशी खाली आली. 

‘‘तुम्हले कोनी सांगं?’’

‘‘कोणी नाही.’’

‘‘कोनी तरी सांगं. घरमा कोनीच नव्हतं.’’

मग त्या उठल्या आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. धान्याच्या कोठीमागे एक लहान घागर होती, वर डांगराची फोड, सुकत आलेली. रीत मोडली म्हणून लोक बोलतील, त्याहीपेक्षा मला वाईट वाटेल, म्हणून त्यांनी ती लपवून भरली होती. सगळ्यांच्या मुली आल्या, असं आक्का म्हणाल्या. आपली यायची नाही हे कळतं, पण राहवलं नाही.

मी त्यांना फोन दिला. खरं-खोटं मला माहीत नाही, हे आधी तीनदा सांगितलं. आक्कांनी ती ओळ बोट फिरवत वाचली. ‘शेअर’ला त्या अडखळल्या नाहीत, ‘शे’ असंच वाचलं.

‘‘तिले तहान लागेल व्हती,’’ त्या म्हणाल्या.

‘‘आक्का, कोणी मुद्दाम...’’

‘‘कोनी का असेना. घागर मी भरी, नी मनाशिवाय कोनले मालूम नही.’’ त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. त्या रडल्या नाहीत. ‘‘वाट देखू नको म्हनी राहिनी ना? मंग आते तिले बलावानं नही. मना मोबाईलमाईन हाई काढी टाका.’’

‘‘काय काढू?’’

‘‘बठ्ठं. रोज उघडीसन मीच तिले थांबाडी राहिनू.’’

रोज उघडून त्या तिला थांबवत नव्हत्या, अशी मी समजूत घालून पाहिली. एवढे महिने मी जे जपलं ते त्यांच्यासाठी, हेही बोलून गेलो. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘तुम्ही चांगलं कयं, जवाईबापू. पन काढा.’’

ज्यात त्या रेखाची प्रोफाइल उघडायच्या ते सोशल मीडियाचं ॲप मी त्यांच्या फोनमधून काढलं, त्यांच्यासमोर. परतताना बसमध्ये ‘स्पॅम नाही’ दाबलं. कप्पा रिकामा झाला.

या गोष्टीला वर्ष होत आलं. चौधरी सर अजूनही कधीतरी नवी शक्यता घेऊन ग्रंथालयात येतात, आम्ही ती तपासतो. घागरीपाशी प्रत्येक शक्यता थांबते. माझ्याकडे खुलासा नाही. आक्का बऱ्या आहेत, सकाळी चहानंतर अंगण झाडतात, रेखाचं नाव काढत नाहीत. त्यांचं खातं आहे, पण ते कोणी उघडत नाही. रेखाच्या खात्यातून पाहिलं की तिची ओळ तिथे पोचलेली दिसते. वाचल्याची खूण तिच्यापुढे नाही.