पावणं आल्यात

नव्वदचं दशक सरत आलं होतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही सरत आलो होतो. कसबा बावड्यात तालमीच्या मागं एक खोली होती, पूर्वी तिथं आखाड्याची तांबडी माती ठेवायचे. गल्लीतल्या आम्ही चौघीजणी दुपारचं जेवण उरकलं की ती खोली उघडायचो. ज्या पोरींना घरी कुणी धड पुस्तक धरू देत नव्हतं, त्यांनी यावं, अभ्यास करावा, शिवण शिकावं, भडंग खावा. समाजसेवा वगैरे म्हणायला आमच्या अंगात त्राणच नसायचं. एकीचे गुडघे, दुसरीची सासू, आणि माझं तोंड, एवढंच आमचं भांडवल.

त्यातली एक पोरगी दहावीला होती. आईबाप गेलेले, चुलत्याकडं राहायची. चुलता वाईट नव्हता. वाईट असता तर भांडण सोपं गेलं असतं. पण चांगलं स्थळ आलं तर परीक्षेची वाट कशाला बघायची, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्या दारात दोनदा भांडून परीक्षेपर्यंतची मुदत मिळवली होती. पोरीचा मात्र विश्वास बसत नव्हता.

"काकू, हितं पावणं येणार न्हाईत न्हवं?" ती अधूनमधून विचारायची.

आमच्याकडं रस्त्यात पत्ता विचारणारा परका माणूसही पावणं आणि मुलगी बघायला येणारेही पावणंच. मी म्हणायचे, "मी दारात बसल्यावर कोण येतंय बघू की."

मग एकदा शाहूपुरीतला एक व्यापारी बायकोला घेऊन आला. जुनी शिलाई मशिनं द्यायची होती, त्याआधी खोली बघायची होती. आमच्यातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई हरखून गेली आणि मागं स्टोव्हपाशी उभ्या पोरीला ओरडून म्हणाली, "अगं पावणं आल्यात! वडणी नीट घे आन् च्या घिऊन ये."

पोरगी चहा घेऊन आली. व्यापाऱ्याच्या बायकोनं मायेनं विचारलं, "कुठल्या गावची गं? स्वयंपाक येतो का?"

तिनं ट्रे खाली ठेवला आणि मागच्या दारानं गेली. आम्हाला वाटलं, साखर आणायला गेली. मशिनं कुठं ठेवायची यावरच आमचा वाद रंगला होता.

दिवस कलता कलता चुलता दारात आला. "पोरगी कुटं हाय?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, 'पावणं' ऐकूनच पळाली ही. तिच्या आईचं माहेर हातकणंगल्याकडं. मी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसले.

हातकणंगल्याच्या स्टेशनवर ती बाकड्यावर बसली होती. आजोळी तरी कोण ठेवून घेणार, हे तिथं पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं असावं. मला बघून एवढंच म्हणाली, "काकू, तुमी पण?"

माझं डोकं फिरलं. जीव टांगणीला लागला होता, तो सगळा रागातून बाहेर पडला. "अगं शहाणे, मशिनं द्यायला आलती ती माणसं!"

"मग सैपाक येतो का म्हणून का इचारलं?"

मी तिच्याशेजारी बसले. पाय दुखत होते आणि रडूही येत होतं. चुलता जरा लांब उभा राहून हे सगळं ऐकत होता. तो गेला, टपरीवरून चहा आणला आणि आधी तिच्या हातात दिला. "परीक्षेपतोर म्हणालतो न्हवं मी," तो म्हणाला. "चल आता."

ती दहावी झाली. मग अकरावीसाठी मला परत त्याच्या दारात जावं लागलं. बारावीसाठीही तेच. दर वर्षी तोच जिना, तीच घासाघीस. दमले बाई मी.

दार मात्र तीच उघडायची. मला बघून हसू दाबायची आणि आत तोंड करून चुलत्याला मोठ्यानं सांगायची, "आप्पा, माझं पावणं आल्यात."